पायऱ्या आणि अंकुर : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील आध्यात्मिक वाढीचा विचार

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ची थोरवी मान्य करण्यात मराठी समीक्षेने कधी हात आखडता घेतलेला नाही. त्यातील भाषेचा साधेपणा, प्रसन्न विनोद, नवऱ्याच्या लहरीपणाची चित्रे आणि स्त्रीच्या अनुभवाचा खरेपणा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यही आहे. पाठ्यपुस्तकांतून या ग्रंथाचे जे उतारे आपण विद्यार्थ्यांपुढे ठेवतो, तेही बहुधा याच गुणांचा प्रत्यय देणारे असतात. परंतु ज्या एका प्रवासावाचून हा ग्रंथ लिहिलाच गेला नसता, त्या धर्मजीवनाच्या प्रवासाकडे वाङ्मयीन चर्चेत आपण पाहतो ते संसारातील एक वादळ म्हणून. वादळ आले, घर मोडले, पुन्हा उभे राहिले, एवढाच त्याचा अर्थ होतो. लक्ष्मीबाईंच्या अंतरंगात काय वाढले, कसे वाढले आणि ते वाढले हे वाचकाने कशावरून ओळखावे, हा प्रश्न समीक्षेने धर्मशास्त्रावर सोपवला आहे. आणि धर्मशास्त्राला मराठी गद्याशी काही कर्तव्य नसल्यामुळे तो तसाच पडून राहिला आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

आध्यात्मिक वाढीच्या पायऱ्या ठरवण्याची हौस सर्वच धर्मपरंपरांना आहे. ख्रिस्ती परंपरेत शुद्धीचा मार्ग, प्रकाशाचा मार्ग आणि ऐक्याचा मार्ग अशी त्रिविध मांडणी फार जुनी आहे. स्पेनमधील आविलाच्या संत तेरेसा यांनी १५७७ साली लिहिलेल्या ‘आंतरिक दुर्ग’ या ग्रंथात आत्म्याला सात महालांच्या किल्ल्याची उपमा दिली आणि एकेका महालातील अनुभवांचे वर्णन केले. जॉन बन्यन यांनी १६७८ साली तीच वाट एका यात्रेकरूच्या कथेतून दाखवली. हरि केशवजी यांनी १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ या नावाने तिला मराठी रूप दिले, तेव्हा टप्प्याटप्प्याने पुढे जाणाऱ्या ख्रिस्ती जीवनाची कल्पना मराठी गद्यात आली. आपल्याला ती परकी वाटण्याचे कारण नव्हते. समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात बद्ध, मुमुक्षु, साधक आणि सिद्ध अशा चार अवस्थांची लक्षणे विस्ताराने सांगितलेली आहेत. ज्या समाजाला ही चौकट पाठ होती, त्याला तेरेसाबाईंचे महाल समजावून सांगण्यास फारसे कष्ट पडले नसते.

तथापि नव्या करारात याच विषयावर एक छोटा दृष्टांत आहे आणि तो या सर्व मांडण्यांहून वेगळे काही सांगतो. मार्काच्या शुभवर्तमानातील हा दृष्टांत असा, की शेतकरी बी टाकतो, रात्री निजतो, सकाळी उठतो. बी आपले रुजते, वाढते, आणि कसे वाढते हे त्याचे त्यालाच कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. येथे अवस्था आहेत, क्रमही आहे. पण त्या क्रमाबरोबरच शेतकऱ्याचे अज्ञानही सांगितले आहे. दाणा भरला हे कापणीच्या वेळी कळते आणि ते पाहणाऱ्याला कळते. हा दृष्टांत प्रमाण मानला, तर आपण कोणत्या पायरीवर आहोत हे सांगणाऱ्याच्या शब्दावर सर्वांत कमी विसंबावे लागेल आणि जो ते सांगत नाही त्याचे लेखन अधिक बारकाईने वाचावे लागेल. मराठी ख्रिस्ती आत्मकथनांना ही कसोटी लावून पाहिली असता आपल्या काही रूढ समजुती उलट्या होतात, असे आम्हांस वाटते.

पहिली समजूत बाप्तिस्म्याविषयीची. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातले आत्मचरित्र घ्या. त्याच्या नावातच प्रकाशाची पायरी सांगितलेली आहे. बाबांचा बाप्तिस्मा १८५४ साली झाला, आणि त्यांच्या निवेदनाचा सारा ओघ त्या एका घटनेच्या दिशेने वाहतो. शंका, वाचन, वादविवाद, घरच्यांचा विरोध, सगळे त्या क्षणाची तयारी म्हणून येते. अरुणोदय झाला की रात्र संपली. मग दिवसाचे वर्णन करण्याचे प्रयोजन उरत नाही. या ग्रंथाचे ऐतिहासिक महत्त्व वादातीत आहे. पण वाढीचा प्रश्न विचारणाऱ्या वाचकाच्या हाती तेथे अंकुरच लागतो, कणीस लागत नाही.

पंडिता रमाबाईंची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत मात्र त्यांनी स्वतःच्या जीवनाचे स्पष्ट टप्पे पाडले. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास मिळाला, असा त्या निवेदनाचा आशय आहे. पाश्चात्त्य जागृतिपंथांत ‘धर्म’ आणि ‘अनुभव’ यांत जो भेद करीत, तोच येथे दिसतो. रमाबाईंच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे धाडस कोणी करणार नाही. परंतु समीक्षकाने लेखकाने काढून दिलेला नकाशाही तपासून पाहिला पाहिजे. १९७७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचताना १८८३ ते १८८६ या काळातली, म्हणजे त्यांच्याच मते ख्रिस्त न मिळालेली रमाबाई आपल्याला भेटते. एका परक्या देशात, मठवासिनींच्या आश्रयाला असलेली ही पंचविशीतली विधवा आपल्या गुरुस्थानी असलेल्या भगिनी जेराल्डिन यांना सांगते की सदसद्विवेकावर ख्रिस्ताखेरीज कोणाची सत्ता मी मानणार नाही. शाकाहार सोडण्यास ती नकार देते. क्रूसावरची अक्षरे लॅटिनच का, आमच्या संस्कृतात काय उणे आहे, असा रोखठोक प्रश्न विचारते. ही केवळ बुद्धीची हट्टी पायरी होती आणि खरे जीवन पुढे सुरू झाले, असे म्हणण्यास आमचे मन धजत नाही. सत्याखेरीज कोणापुढेही मान न लवविण्याची ही जी ताकद आहे, तिच्यावाचून पुढचे केडगाव उभे राहिले नसते आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात हिंडून शेकडो मुलीबायकांना जगवून आणणारी रमाबाईही दिसली नसती. मागे वळून पाहणारा मनुष्य वरच्या पायरीवरून खालची पायरी मोजतो आणि ती आहे त्याहून ठेंगणी दिसते; साक्षीच्या वाङ्मयाचा हा स्वभावदोषच आहे.

रमाबाईंच्या परिपक्वतेची खूण आम्हांला १९०५ च्या मुक्तिसदनातील प्रसिद्ध जागृतीतही तितकीशी दिसत नाही. ती दिसते त्यांच्या बायबलाच्या भाषांतरात. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून, खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण ग्रंथ उतरवण्याचे काम त्या वर्षानुवर्षे करीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्या कामात ‘मी’ कोठेच नाही.

नारायण वामन टिळकांविषयी थोडक्यात लिहिणे अवघड आहे, पण येथे ते तसेच लिहावे लागेल. आमच्या प्रदेशाच्या वाचकांना त्यांच्या कथेतील एक स्थळ जवळचे वाटेल. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जात असता आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला, आणि त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. राजनांदगाव तेव्हा एक लहानसे संस्थान होते, पुढे २००० सालापर्यंत ते मध्य प्रदेशात होते, आज छत्तीसगडात आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. संस्थेच्या वहीत या सर्व बढत्याच. आणि या बढत्या होत असतानाही त्यांचा तापट, लहरी स्वभाव काही सुटला नाही. लक्ष्मीबाईंनी तो लपवलेला नाही. अवस्थांच्या शिडीवर विश्वास ठेवणाऱ्याला हे अडचणीचे वाटेल. आम्हांला ते विश्वसनीय वाटते, कारण वाढ सर्व अंगांनी एकदम होत नाही. कणीस भरत असते तेव्हा खालची पाने करपलेलीही असतात.

टिळकांच्या जीवनातील खरे वळण आमच्या मते १९१७ चे. त्या वर्षी त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास राहू लागले आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने ख्रिस्तशिष्यांचा एक बंधुसमाज कल्पिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. ज्या विधीसाठी या मनुष्याने घर, जात, पत्नीचा सहवास पणाला लावला होता, तोच विधी आता प्रवेशाची अट म्हणून त्याने बाजूस ठेवला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. बहुतेक धर्मांतरित मागचा पूल जाळून टाकतात. टिळकांनी उत्तरवयात तो रुंद केला. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते वारले, आणि दरबार संस्था म्हणून मूळ धरू शकला नाही. त्यांचे चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी पुढे पुण्याच्या शिवाजीनगरात १९२७ साली आश्रम उभा केला, त्यात त्या कल्पनेचा काही अंश उतरला असे मानता येईल. आमच्या भोपाळच्या शिवाजी नगराशी त्याचे केवळ नामसाम्य आहे. पण ‘शिवाजीनगरचा ख्रिस्ती आश्रम’ म्हटले की येथील मंडळी क्षणभर चमकतात, म्हणून हा खुलासा.

आता लक्ष्मीबाई. चार भागांतले ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लेखिका निवर्तल्या. या ग्रंथात कोठेही ‘मी आता अमुक अवस्थेस पोहोचले’ असे वाक्य सापडणार नाही. साक्ष देण्याचा सूरच नाही. त्यामुळे अनेकांनी असा समज करून घेतला आहे की बाई नवऱ्यामागे गेल्या, नवऱ्याचा धर्म तो आपला मानला, आणि धर्मजिज्ञासा अशी त्यांना फारशी नव्हतीच. हा समज ग्रंथाच्या रचनेनेच खोटा ठरतो.

ग्रंथाच्या आरंभीच वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे वर्णन आहे. धुता येईल ते आणि धुता येणार नाही तेही धुणारा हा पुरुष, त्याच्या धाकात पिचणारी आई, आणि हे सर्व मुकाट्याने पाहणारी मनू गोखले. आपण हे प्रकरण हसत वाचतो. पण पुढचे सर्व वाचून पुन्हा येथे आले म्हणजे ध्यानात येते की लेखिकेने धर्मजीवनाचा पहिला प्रश्न येथेच मांडून ठेवला आहे: शुद्ध म्हणजे काय? ख्रिस्ती परंपरेने पहिल्या मार्गाला शुद्धीचा मार्ग म्हटले, आणि लक्ष्मीबाईंच्या जीवनात शुद्धीचा अर्थ नेमका उलट दिशेने, सोवळ्यातून बाहेर पडण्याच्या दिशेने, घडत गेला. कोणा युरोपीय ग्रंथातून हे उचलता आले नसते. ते येथल्या स्वयंपाकघरातूनच यावे लागते.

टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे ती दोघे वेगळी राहिली. पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या त्या आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी घेऊन. एका छपराखाली दोन धर्म नांदत होते, आणि टिळकांनी बाप्तिस्म्याचा तगादा लावल्याचे चित्र ग्रंथात दिसत नाही. मग एके दिवशी, कोणी उपदेश केला नसता, जात देवाने केली की माणसाने, हा विचार त्यांच्या मनात सुरू होतो. पशूंच्या जाती देवाने केल्या त्या डोळ्यांना वेगळ्या दिसतात. माणसांत तसे कोठे दिसते? तेव्हा ही माणसाचीच करणी. एवढ्या सरळ युक्तिवादावर त्या जन्माचे सोवळे सोडतात आणि कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय करतात. हा प्रसंग त्यांच्या १९०० सालच्या बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे.

येथे थोडे थांबले पाहिजे. अनेक पिढ्यांचा संस्कार ज्या क्षणी गळून पडला, त्या क्षणाचे वर्णन कोणत्याही जागृतिपंथी लेखकाने अश्रू, प्रकाश, वाणी यांनी भरून टाकले असते. लक्ष्मीबाईंचे गद्य तेथे एक स्वरही चढत नाही. हिशेब जुळला, इतक्याच सुरात ती गोष्ट सांगितली जाते आणि लेखिका पुढच्या कामाला लागते. आम्हांला ही उणीव वाटत नाही. ज्याला आपली वाढ पाहत बसण्याची सवय नाही, त्याचे गद्य असेच असते. दृष्टांतातला शेतकरी निजतो आणि उठतो, त्याप्रमाणे. तेरेसाबाईंनीही सातव्या महालाची खूण म्हणून दर्शने सांगितली नाहीत. तेथे पोहोचलेल्याकडून कामे घडली पाहिजेत, असे त्यांनी बजावले आहे. बाप्तिस्म्यानंतर टिळकांच्या घरात निराश्रित मुले येत गेली, ती कोणत्या जातीची हे विचारले गेले नाही, आणि त्यांच्यासाठी शिजवणारे हात ज्यांनी आयुष्याचा पूर्वार्ध स्पर्श टाळण्यात घालवला तेच होते. सोवळे सुटणे हा अंकुर धरला, तर त्या पंक्तीला कणीस म्हणण्यास हरकत नसावी.

याहून सूक्ष्म खूण त्यांच्या विनोदात आहे, आणि समीक्षेने नेमकी हीच केवळ शैलीगुण म्हणून नोंदवली. नवऱ्याने न विचारता घर सोडले, न विचारता धर्म सोडला, घरातले असेल ते देऊन टाकले. या दुःखांची दुसऱ्या कोणी फिर्याद केली असती. लक्ष्मीबाई दुःख लपवत नाहीत. त्या वेळचा आपला आक्रोश, आपला संताप, आपली फजितीही त्या सांगतात. पण सांगणाऱ्या बाईच्या मनात त्या पुरुषाविरुद्ध काहीच शिल्लक राहिलेले नाही. भोगणारी लक्ष्मी आणि लिहिणारी लक्ष्मीबाई यांच्यातले हे अंतर हेच त्या आत्म्याच्या वाढीचे माप आहे, आणि ते वाक्यावाक्याच्या सुरात मोजता येते. क्षमा केली असे त्या म्हणत नाहीत, कारण क्षमा केली असे म्हणणाऱ्याच्या मनात अपराधाची नोंद अजून असते.

यावर कोणी म्हणेल की ही सारी माणुसकीची लक्षणे आहेत, यात ख्रिस्ती असे विशेष काय? आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. पण न दिसणाऱ्या देवावरची प्रीती दिसणाऱ्या भावावरच्या प्रीतीने पारखावी, अशी योहानाच्या पत्राची शिकवण आहे, आणि भुकेल्याला घातलेला घास हाच न्यायाच्या दिवशीचा पुरावा, असे मत्तयाच्या शुभवर्तमानातील दृश्य आहे. ख्रिस्ती कसोटीच जर अशी असेल, तर ती लावताना माणुसकी बाजूस काढून काय उरवायचे? आम्ही त्या धर्माचे नाही, पण त्या धर्माने स्वतःसाठी सांगितलेली कसोटी त्याला लावणे एवढा अधिकार परक्या वाचकालाही असावा.

जोसेफीन इंकस्टर यांनी १९५० साली या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा त्याला ‘आय फॉलो आफ्टर’ असे नाव दिले. ते शब्द पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातील आहेत, आणि ज्या वाक्यात ते येतात तेथे पौल म्हणतो आहे की मी पोहोचलो असे नाही, मी फक्त पाठीमागे धावत आहे. नवऱ्यामागून जाणारी पत्नी, असा त्या नावाचा वरवरचा अर्थ सर्वांना दिसतो. दुसरा अर्थ भाषांतरकर्तीला दिसला होता, आणि आमच्या मते तो मराठी शीर्षकापेक्षाही ग्रंथाच्या गाभ्याजवळ जातो.

या विषयाला आमच्या प्रांतात आणखी एक बाजू आहे. १९५४ साली, राजधानी नागपुरास असताना, न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली गेली; तिचा अहवाल १९५६ साली आला. १९६८ साली मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा अधिनियम झाला आणि २०२१ साली त्याच्या जागी नवा आला, त्यात धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांस कळवावे अशी तरतूद आहे. या कायद्यांच्या योग्यायोग्यतेची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. येथे एवढेच नोंदवायचे की कायद्याला, आणि खरे सांगायचे तर मिशनच्या नोंदवहीलाही, धर्मजीवनाचा एकच दिनांक दिसतो. लक्ष्मीबाईंनी धर्म केव्हा बदलला? पाण्याचे भांडे वेगळे ठेवणे सोडले तेव्हा, की पाळकाने पाणी शिंपडले तेव्हा, की नवऱ्याविषयीचा कडवटपणा मनातून गेला तेव्हा? या प्रश्नाला अर्जावर घालण्याजोगे उत्तर नाही. आम्ही शिक्षक मंडळी दरसाल मुलांना वरच्या इयत्तेत घालीत आलो आहोत, आणि इयत्ता बदलली त्या दिवशी मुलगा वाढला असे आमच्यापैकी अनुभवी कोणीही समजत नाही.

वर्गात हा ग्रंथ शिकवताना म्हणून दोन प्रकरणे एकत्र वाचवावीत असे आम्ही सुचवू: आरंभीचे वडिलांच्या सोवळ्याचे आणि मधले जातीच्या विचाराचे. मुले पहिल्याला हसतील, हसू द्यावे. दुसरे वाचल्यावर पहिल्याकडे त्यांना परत पाठवावे.

वरच्या वर्गांसाठी याहून मोठे काम पडले आहे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे काव्य आरंभिले आणि थोडेच लिहून ते गेले. पुढचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. शाळेत पाऊल न टाकलेल्या, नवऱ्याच्या हट्टाने अक्षर ओळखलेल्या या बाईने एका विद्वान कवीचे महाकाव्य पुढे नेले, आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ साली प्रसिद्ध झाले. दोघांच्या रचनेचा सांधा त्यात कोठे आहे, आणि तो ओलांडल्यावर येशूचे चित्र कसे पालटते, हे ओवीओवीने पाहणारा अभ्यास एखाद्या तरुण अध्यापकाने हाती घ्यावा.